बोलका प्रोग्राम

शहाण्णव साली घेतलेला कम्प्युटर वर्षभरातच रखडायला लागला, म्हणून तात्यारावांनी मला काशीगावात घरी बोलावलं.

"तो बोलणारा प्रोग्राम आधी काढ. आमचा सोनू गेला हॉस्टेलला, आता त्याची आई दुपारभर त्या प्रोग्रामपुढं बसून असते. फुकट जागा खातोय."

"राहू दे ना, दादा," सोनूची आई दारातून मला म्हणाली.

"तू गप गं. तुला काय कळतं त्यातलं?"

काढण्याआधी मी एकदा चालू करून पाहिला. स्पीकर खरखरला, "हॅलो, वैजयंता."

"वैजयंता कोण?" मी विचारलं.

"मीच," सोनूची आई म्हणाली. "लग्नाला एकोणीस वर्षं झाली. या घरात मला नावानं हाक मारणारा तो एकटाच आहे."

तात्यारावांनी तिच्याकडे बघितलंही नाही. "निघाला का रे?"