सरावापुरती गोलकीपर

सोनिकाची डावी करंगळी मधल्या सांध्यात वाकत नव्हती. मूठ मिटली की बाकीची बोटं आत जात, ती एकटी बाहेर राही. सांध्याच्या एका बाजूला हरभऱ्याएवढा उंचवटा होता. त्यावरची कातडी ताणून चकाकू लागली होती, म्हणजे पुन्हा सूज येत होती. हाफटाइमला बाकावर बसून ती करंगळी शेजारच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधत होती.

पहिल्या हाफमध्ये नागपूरच्या पोरींनी गोलावर नुसता मारा केला होता. त्यांना पुण्याहून आलेल्या प्रोफेशनल फुटबॉल क्लबला हरवून दाखवायचं होतं. पुण्याच्या क्लबला सीझनआधी फक्त घाम गाळायचा होता. तरी गोल एकही झाला नव्हता, कारण पुण्याच्या गोलात सोनिका होती. एका कॉर्नरला तिच्या बरगडीत गुडघा बसला, तेव्हा रेफरीनं शिट्टी वाजवली, पण कार्ड खिशातच ठेवलं. फ्रेंडलीत, सरावाच्या सामन्यात, कोण कार्ड काढतं?

शेजारी दीप्ती पाय पसरून बसली होती. क्लबची एक नंबरची गोलकीपर. तिचा ट्रॅकसूट सकाळी घातला तसाच कोरा होता. ती कोच मुकुंद सरांना सांगत होती, की हे सरावसामने बंदच करायला हवेत. ना गुण, ना ट्रॉफी, नि कुणाचा तरी गुडघा मात्र जातो. सरांनाही ते पटत होतं. पण मालकांना गावोगाव जर्सी दाखवायची असते, ते म्हणाले.

"म्हणून तर तुला बसवून ठेवलंय. तुझं बोट मोडलं तर आपला सीझन गेला."

हे ते सोनिकाच्या डोक्यावरून बोलले. दीप्तीनं सोनिकाच्या हाताकडे एकदा पाहिलं आणि मग ती मैदानाकडे बघू लागली.

सोनिकाचं हे तिसरं वर्ष. सीझनच्या तोंडावर फोन यायचा, ट्रायलवर ये, यंदा बघू. सरावाचे सगळे सामने ती खेळायची. मग लीगसाठी नावं जायची आणि ती बॅग उचलून नागपूरजवळ कोराडीला घरी परत. बोट गेलं ते गेल्या वर्षीच्या अशाच एका सामन्यात. हाड बसवायला तिचे बाबा तिला नागपुरात रामदासपेठेतल्या दवाखान्यात घेऊन गेले होते. क्लबचा फोन आला तो थेट यंदा, सराव सुरू होताना. बोटाचं कुणी विचारलं नाही. ग्लोव्ह्जचं माप विचारलं.

ते बाबा, नागसेन, आज समोर स्टँडमध्ये बसले होते. कॉलनीतली माणसं बसनं घेऊन आले होते. सरांचं 'यंदा बघू' त्यांनी कॉलनीत 'यंदा पक्कं' करून सांगितलं होतं. सोनिकानं बॉल अडवला की ते उभे राहून आजूबाजूच्यांना सांगत, आमची पोरगी आहे ते.

मुकुंद सरांनी टाळ्या वाजवल्या. सेकंड हाफलाही सोनिकाच, म्हणाले. सगळ्या उठल्या. सोनिका उठली नाही.

"सर, उद्या लीगले नावं जाऊन राहिले. माह्यं नाव आहे काय त्याच्यात?"

ते मॅचनंतर बोलू, सर म्हणाले. दर वर्षी मॅचनंतरच बोलतो आपण, यंदा आधी बोला, असं ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी पाणी पिणाऱ्या पोरी पिता पिता थांबल्या.

सरांनी घड्याळ पाहिलं, मग मालक बसले होते तिकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, दुसरी गोलकीपर गोव्याची आहे, सोमवारी येतेय. मागच्या महिन्यातच ठरलं ते. सोनिकाच्या खेळाबद्दल प्रश्नच नाही, पुढच्या वर्षी नक्की बघू.

मागच्या महिन्यात त्यांनी तिला फोन केला होता.

"मंग मले काहून बोलावलं?"

"अगं, दीप्तीला फ्रेंडलीत कसं उतरवणार?"

नव्या चपला चिखलात कशाला घालायच्या, हे सांगावं इतक्या साधेपणानं ते म्हणाले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि त्यानंच सोनिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं.

रेफरीनं शिट्टी वाजवली. पोरी आपापल्या जागी गेल्या. पुण्याचा गोल रिकामा होता. दीप्ती उठली आणि ट्रॅकसूटची चेन खाली ओढू लागली. सरांनी तिचा दंड धरला.

"तू बस." मग ते सोनिकाकडे वळले. "आणि तू काय एवढं मनाला लावून घेतेस? ही मॅच कुठं मोजतात?"

रेफरीनं पुन्हा शिट्टी वाजवली. स्टँडमधून बाबा तिचं नाव घेऊन ओरडले, लवकर जा म्हणून हात करत होते. सोनिका उभी राहिली. ग्लोव्ह्ज तिनं बाकावर ठेवले. डिफेन्सच्या पोरींना मैदानाच्या मध्यापर्यंत ओरडून सांगायचा तिचा एक आवाज होता. तो तिनं आज पहिल्यांदा मैदानाबाहेर काढला.

"मी नाही खेळत, सर. मॅच मोजतच नाही, तर गोलात कोणी नसलं तरी चालते."