दोन काळ्या पट्ट्या

"तुम्ही नाही आलात आत तरी चालेल," ती नवऱ्याला म्हणाली. "बसा इथेच बाकावर निवांत."

"इथवर आलोय तर येतो की," तो म्हणाला, पण उठला मात्र सावकाश.

वाचनकक्षाबाहेर रांग होती. लष्कराच्या जुन्या गुप्त फायली लोकांसाठी खुल्या झाल्या आणि शहराला एकाएकी इतिहासाचं भरतं आलं. कुणी अभ्यासक, कुणी नुसतेच रिकामटेकडे. यांच्या पुढचा गृहस्थ उडत्या तबकड्यांची फाईल मागायला आला होता. अशी फाईलच नाही म्हटल्यावर तो मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नाही म्हणतात, म्हणजे आहेच!"

तिला तबकड्या नको होत्या. तिला एक टेकडी हवी होती.

तिचा पहिला नवरा त्या टेकडीवर गेला तेव्हा मुलगी पाळण्यात होती. उठता-बसता शीळ घालायचा, म्हणून सगळे त्याला शीळवाला म्हणत. सीमेपलीकडे पाच जणांची तुकडी गुपचूप पाठवली होती. पाठवल्याचंच सरकार मान्य करेना, तर न परतलेल्यांचं काय सांगणार? घरी 'बेपत्ता' एवढा एकच शब्द आला. परतला तो एकटा तुकडीचा आचारी. त्यानेच दाराशी उभं राहून सांगितलं की शीळवाला गेला, टेकडीवरच्या झाडाखाली मीच त्याला या हातांनी पुरला.

आचारी मग येत राहिला. कधी गळकं छप्पर नीट करायला, कधी पाळण्याची दोरी बदलायला. पुढे दोघांनी लग्न केलं. लोक चार दिवस बोलले आणि दमले. पाळण्यातल्या पोरीला त्याने पोटच्या लेकीसारखं वाढवलं, बायकोला कधी वाकडा शब्द ऐकवला नाही. संसार दृष्ट लागण्यासारखा झाला, खोटं कशाला बोला.

टेकडी मात्र तिच्या स्वप्नात येतच राहिली. पांढुरकं ऊन, एकच झाड, आणि झाडाखाली शीळवाला पाठमोरा बसलेला. ती हाका मारी. तो वळत नसे. जाग आली की आचारी शेजारी टक्क जागा.

"पुन्हा तेच?" तो विचारी आणि पाणी आणून देई.

मग ती झाडाबद्दल विचारी. एकदा तो म्हणाला होता, काटेरी होतं. एकदा म्हणाला, दाट सावलीचं होतं. स्वप्नाला काय, दोन्ही चालत.

"कुठली टेकडी एवढं कळू दे," ती म्हणे. "डोळे मिटायच्या आत एकदा जाऊन बसते त्याच्यापाशी. तो सुटेल, मीही सुटेन."

"कशाला खपली काढतेस," तो म्हणे.

वाचनकक्षात दुपार पेंगुळली होती. उंच खिडक्यांतून ऊन तिरपं टेबलांवर पडलं होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. पंखे फिरत होते, पण वारा कुणाला लागत नव्हता. फायली सांभाळणाऱ्या मुलीने दोन्ही हातांनी फाईल आणून ठेवली.

"पानं उलटताना बोट ओलं करायचं नाही हं, आजी."

ती वाचू लागली. घोंगड्या किती, रॉकेल किती, खेचरांना चारा किती. वाचता वाचता तिला वाटलं, आपण त्या तुकडीच्या मागून चालतोय, कुठूनशी शीळ ऐकू येतेय, पुढचं वळण आलं की टेकडी दिसेल. वळणं आली नि गेली. नकाशाही निघाला, पण त्यावर कसलीच खूण नव्हती. शेवटच्या पानावर तुकडीतल्या माणसांची नावं होती. पैलवानाचं, मास्तरचं, बुटक्याचं. घरी भिंतीवर लावलेल्या तुकडीच्या फोटोतले तिघं. उरलेल्या दोन नावांवर काळ्या पट्ट्या होत्या.

"हे हो काय? तुमच्या दोघांचीच नावं झाकलीत."

"शाई सांडली असेल."

"पट्टी धरून सांडते होय शाई?"

"मग गुप्त असेल काही. आम्ही दोघंच टेहळणीला पुढे गेलो होतो ना."

"आचारी टेहळणीला?"

"माणसं कमी होती."

"आणि इतक्या वर्षांत मला पत्ता नाही!" तिचा ऊर भरून आला. एकाखाली एक त्या दोन पट्ट्या, एका घोंगडीत दोघं शेजारी शेजारी झोपल्यासारख्या. तिने वरच्या पट्टीवर तळहात ठेवला. किती वर्षांनी ती त्याच्या इतक्या जवळ आली होती! तिने डोळ्यांना पदर लावला.

"चल," तो म्हणाला. "नाही सापडली टेकडी. असू दे."

"थांबा. त्या पोरीला विचारते. मी त्याची बायको म्हटल्यावर काढून देतील पट्टी. निदान नाव तरी बघते."

"नको." त्याने तिचं मनगट धरलं.

"अहो, नावच तर बघायचंय," ती हसून म्हणाली आणि तिने मुलीला खूण केली.

मुलगी आली. "पट्टी नाही काढता येत, आजी. नियम आहे."

"अगं, मी काय परकी आहे? माझा पहिला नवरा तो. आता त्या बिचाऱ्याचं कसलं आलंय गुपित?"

मुलीने वाकून पान पाहिलं. मग आजींकडे पाहिलं, आणि तिचा आवाज खाली आला.

"गुपित म्हणून नाही हो झाकत. फाईल खुली करायच्या आधी आम्ही एकेकाची चौकशी करतो. जे गेले त्यांची नावं उघडीच ठेवतो, आजी. जे हयात सापडतात, त्यांच्याच नावावर पट्टी लावतो."