मेन पडल्यावर

आतल्या स्वयंपाकघरात वाटी फरशीवर पडली, गोल गोल फिरली आणि निपचित झाली. तेवढ्या आवाजानं ऑफिसातली शांतता मोडली. रेणूच्याच हातून सुटली, हे नंदानं बसल्या जागी ओळखलं. शाळेनंतर लेकीला सांभाळायला घरी कुणी नव्हतं, म्हणून रेणू ऑफिसला लागून असलेल्या शेठजींच्या घरात, त्यांच्या आई सायरबाईंपाशी शिरा खात बसली होती.

राधेश्याम शेठजींनी मान वळवली नाही. त्यांच्या टेबलावर एकावर एक दोन चपट्या पेट्या होत्या. कापसाच्या जिनिंग मिलच्या या नव्या ऑफिसातले कॉम्प्युटर, फोन, कॅमेरे सगळे त्या पेट्यांना जोडायचे होते. दुकानदारानं पेट्या नुसत्या बघायला दिल्या होत्या. ठेवायच्या की परत करायच्या, ते आजच सांगायचं होतं.

"याला स्विच म्हणतात, अन् बटन एक न्हाई," शेठजींचे धाकटे भाऊ गोपीकिशन म्हणाले. साध्या पेट्या निम्म्यात येतात, प्रत्येक फोनला वेगळा अडाप्टर लावला की झालं, असं त्यांचं दुपारपासून चाललं होतं.

कॉम्प्युटर नंदा सांभाळायची. या पेट्या तिनंच निवडल्या होत्या. तिनं पुन्हा समजावलं. फोनला जी तार जाते, त्याच तारेतून त्याला पुरेल एवढा करंटही या पेटीतून जातो. फोनपाशी प्लगच लागत नाही. मागून जोडल्या की दोन पेट्या एकच होऊन वागतात. माणसं वाढली तर तिसरी वर ठेवायची. एक बंद पडली, तरी दुसरी आपल्यापुरतं काम चालू ठेवते.

तिच्या मनात मात्र गोदाम होतं. पूर्वी कधी तिथल्या कापसाला आग लागली होती. तेव्हापासून दिवेलागणीला गोदामाचा विजेचा मेन पाडायचा आणि सकाळीच चढवायचा, ही शेठजींच्या वडिलांची शिस्त. ती अजून कुणी मोडली नव्हती. पण मेन पडला की तिथला फोनही मुका व्हायचा. गेल्या पोळ्याच्या रात्री रखमाजी वॉचमनच्या छातीत कळ आली, तेव्हा तो त्या मुक्या फोनशेजारीच पडून राहिला. सकाळी हमालांना सापडला. वाचला, एवढंच. आता पुन्हा त्याच खाटेवर राखणीला बसत होता.

"मेन पडल्यावर गोदामातला फोन वाजला, तर मंग बोला," गोपीकिशन म्हणाले.

शेठजी उठले. "नंदाबाई, मला यातलं काही कळत न्हाई. तुमच्या भरवशावर घेऊन राह्यलो. माणसाच्या जिवाचं काम हाय."

पटांगणापलीकडं रखमाजीनं रोजच्यासारखा गोदामाचा मेन पाडला. शेठजींनी ऑफिसचाही पाडायला लावला. पंखा घरघरत थांबला, कॉम्प्युटरचे पडदे काळे झाले. आतून रेणू धावत आली आणि आईच्या पदरात शिरली. अंधारात फक्त पेट्यांवरचे दिवे उरले, हुरड्याच्या दाण्यांसारखे हिरवेगार. पेट्या आणि फोनचं एक्स्चेंज बॅटरीवर होतं. गोदामाच्या फोनची तार नंदानं दुपारीच खालच्या पेटीला जोडून ठेवली होती.

नंदानं वरच्या पेटीची वायर ओढून काढली. वरचे दाणे विझले. खालचे क्षणभर अडखळले आणि पुन्हा लुकलुकायला लागले.

तिनं गोदामाचा नंबर फिरवला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला. इकडं स्पीकरवर घंटी वाजत होती. वाजत राहिली. कुणी उचलेना. गोपीकिशननी खुर्ची मागं सरकवली. नंदानं पुन्हा नंबर फिरवला. फोन वाजतच नसेल, की वाजतोय आणि उचलणारा पडलाय? शेठजी दाराकडं निघालेच होते.

तेवढ्यात खरखर झाली.

"कोण हाय?" रखमाजीचा आवाज दबका होता, देवळात बोलावं तसा. "मेन तर म्या माझ्या हातानं पाडलाय. हा कशावर जिता हाय?"

इतका वेळ का लावला म्हणून नंदानं विचारलं. तो म्हणाला की फोन करून बघणार ते त्याला ठाऊक होतं, पण मेन पाडायच्या आधी करतील असं त्यानं धरलं होतं. अंधारात एकाएकी फोनचा दिवा दिसला, घंटी झाली, तेव्हा त्यानं आधी चपला काढल्या, मग हात जोडले. उचलायचं भान मागाहून आलं.

कुणी हसलं नाही. शेठजी फोनपाशी आले, वाकले आणि नुसतं म्हणाले, "बोल रखमाजी. बोलत ऱ्हा."

तो बोलत राहिला. थंडी पडून राह्यली, दुपारी सुनेनं पिठलं दिल्तं, छाती आज बरी हाय. पेट्या आता परत जायच्या नाहीत, हे कुणी कुणाला सांगितलं नाही. गोपीकिशन पुढं झाले आणि त्यांनी एक बोट हिरव्या दिव्याला हळूच लावून पाहिलं.

रेणूनं पदरातून तोंड बाहेर काढलं. दुपारपासून सगळ्यांना उत्तरं देणाऱ्या आईकडं तिनं वर पाहिलं.

"आई, तिथं बी अंधार हाय, इथं बी अंधार हाय. मंग रखमाआजोबाच्या आवाजाला रस्ता कसा दिसला?"