समोरचा भाव

"समोरच्याने चार कोटी दहा सांगितले," गौतम म्हणाला आणि कॉफीला हात न लावता घड्याळ बघत बसला.

कुलदीप हसला. समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडच्या शोरूमचा रितेश. ज्युबिली हिल्सच्या त्या रस्त्यावर बंगल्याच्या किमतीच्या गाड्या विकणारी दोनच दुकानं होती. इकडे कुलदीपची इटालियन, तिकडे रितेशची जर्मन. एकेकाळी दोघं सिकंदराबादला एकाच दुकानात टायर विकायचे. रितेशला अजून टायची गाठ मारता येत नाही, हे कुलदीप कुणी न विचारताही सांगत असे.

"साहेब, ती गाडी डॉक्टर लोक घेतात," तो म्हणाला. "दवाखान्यात जायला. तुम्हाला शोभायची नाही."

"हौ, पण भाव शोभतो ना."

"आपण चार कोटी पाच करू."

"बघतो की," म्हणून गौतम उठला.

गौतमच्या पायात साध्या चपला होत्या. कुलदीप गिऱ्हाईक पायातल्या जोड्यावरून ओळखायचा. चकचकीत बूट म्हणजे हप्तेवाला. साधी चप्पल म्हणजे शंकरपल्लीकडची जमीन नुकतीच बिल्डरला विकलेली. शिवाय गौतमने इंजिनाबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. इंजिनाची चौकशी करणारे गाडीशेजारी फोटो काढून घरी जातात. पैसेवाला फक्त भाव विचारतो. असल्या अडाण्यांच्या हाती असली गाडी जावी, याची कुलदीपला किळस यायची. पण त्यांच्याचमुळे त्याच्या घरची चूल पेटत होती.

गाडी गेल्या सालची होती. चिठ्ठीवर सव्वाचार कोटी लिहिलेले, आणि सहा महिने ती जागची हलली नव्हती. मालकाने त्याला परवाच केबिनमध्ये बोलावलं होतं. "एकतीस मार्च तक ये गाडी निकाल दे. नै तो नामपल्ली में अपनी सेकंडहँड की दुकान पे जाके बैठ." हातात आठ दिवस होते आणि गिऱ्हाईक एकच.

त्या संध्याकाळी चिक्कडपल्लीच्या घरी कुलदीपने बायकोला कामाला लावलं. निशिगंधाला या धंद्यातल्या कुणीही पाहिलेलं नव्हतं. पार्ट्यांना तो एकटाच जायचा. तिचं अर्धं तेलुगू मिसळलेलं बोलणं चारचौघांत ऐकवत नाही, हे त्याने तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं.

"उद्या रितेशकडे गिऱ्हाईक होऊन जा. खरा भाव काढ. समोर चार पाचला मिळते म्हण. इंजिनबिंजिन विचारू नको. भाव ऐकायचा आणि तोंड वाकडं करायचं."

"मला जमतंय का ते?"

"तुझं तोंड तसंही वाकडंच असतं."

दुसऱ्या दिवशी निशिगंधा सासूच्या पाटल्या घालून जाऊन आली. "आधी चार दहाच म्हणले," तिने सांगितलं. "मी उठले तर चार झाले. कॉफी चांगली होती."

तासाभरात गौतमचा फोन आला. समोर चार झाले, म्हणाला. म्हणजे माणूस खोटं बोलत नाही. कुलदीप तीन पंच्याण्णववर उतरला. मग रितेश तीन नव्वदवर. गौतम खबर आणायचा, निशिगंधा ती पक्की करायची, आणि रोज भाव उतरायचा. तीन ऐंशीला मालकाने हात वर केले. "उसके नीचे तेरी जेब से." कुलदीपने खिशात हात घातला. घराच्या डागडुजीसाठी ठेवलेले पाच लाख होते, तेही त्याने गाडीत घातले.

"तीन पंचाहत्तर," गौतम म्हणाला. "पक्कं. एकतीसला राहुकाळ संपल्यावर येतो. एकदम पूर्ण चेक."

"थोडा अ‍ॅडव्हान्स?"

"अ‍ॅडव्हान्स भिकारी देतात."

ते वाक्य कुलदीपला इतकं आवडलं की त्याने ते निशिगंधाला पाठ करायला लावलं. रितेशने आणखी भाव पाडला तर गौतम तिकडे वळेल, ही एकच भीती उरली होती. म्हणून निशिगंधाने रितेशशीही सौदा पक्का करायचा, एकतीसचाच वायदा द्यायचा आणि जायचंच नाही. रितेश निर्धास्त बसेल आणि त्या दिवशी तोंडावर आपटेल.

"त्यांचीही नोकरी असेल की," निशिगंधा म्हणाली.

"त्याच्या नोकरीचं तू काय लोणचं घालणार?"

एकतीसला राहुकाळ साडेचारला संपला. कुलदीपने कागद मांडून ठेवले होते, नवं पेन काढून ठेवलं होतं. पाच वाजले. गौतमचा फोन लागेना. मालक केबिनच्या काचेतून दोनदा डोकावला. सव्वापाचला कुलदीपचा धीर सुटला. त्याने निशिगंधाला फोन केला. ती शोरूमच्याच रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या दुकानात साडीला फॉल लावून घ्यायला आली होती.

"रितेशकडे जा. आत नको, दारातून बघ. गौतम तिथे आहे का? काळा, जाडा, पायात चपला."

"तुमी सांगताय म्हणून जाते," ती म्हणाली.

पाच मिनिटं तो फोन कानाला लावून उभा राहिला. त्याने रितेशला मनातल्या मनात येतील तेवढ्या शिव्या घातल्या, मग गौतमला, मग त्याच्या जमिनीला.

"आहेत," निशिगंधा हळूच म्हणाली. "रितेशच्या टेबलाशी उभेच आहेत."

"सही करतोय?"

"नाही. ऐकून घेतायत. रितेश त्यांना म्हणतायत, दाजी, आणखी एकदा समोर जाऊन या, आपल्या त्या पाटलीवाल्या बाईंना कुलदीपने तर पळवलं नाही ना बघा."