पाचवं बटण

धसईच्या दूध डेअरीसाठी सुयोगनं स्वतः एक सॉफ्टवेअर बनवलं होतं. त्यात चार पाड्यांची चार चौकोनी बटणं, एकाखाली एक. जे दाबावं, त्या पाड्याच्या दुधाचा आलेख भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर यायचा.

त्या सकाळी मात्र कुठलंही बटण दाबलं तरी स्क्रीन एकाच नावावर येऊन थांबायची. गोजरआजी. आजचं दूध, शून्य.

तीनदा संगणक बंद करून पाहिला. शेवटी वैतागून त्यानं मोटरसायकल काढली आणि डेअरीला दूध देणाऱ्या त्या आजीचं घर गाठलं.

आजी गोठ्यात पडली होती. जमीन सारवता सारवता पाय घसरून मोडला होता.

"आलास रे बाबा," तिनं त्याचा हात गच्च धरला. "लय उपकार झाले. हाक कोनाला आयकू जाय नाय. पहाटपासनं तुलाच बोलावतंय."

वेळेवर पोचलो, या विचारानं सुयोगचे डोळे भरले. तिला उचलायला तो वाकला.

ओल्या शेणात बोटानं चार चौकोन काढले होते, एकाखाली एक. तिचं दूध दारातूनच नेलं जायचं; डेअरीची पायरीही आजी कधी चढली नव्हती.

खाली पाचवा चौकोन होता. ते बटण सुयोग आज बसवणार होता. अजून कुणालाच बोलला नव्हता.

आजीच्या दुसऱ्या हाताचं बोट अजून त्यावरच दाबलेलं होतं.