चांदण्यात काढलेली छाप

"हे ऐकून तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," फोटोकाका म्हणाले आणि त्यांनी आपला कागद टेबलावर पालथा ठेवला. "ही छाप मी चांदण्यात काढलीय."

बाइंडरने हातातली सुई खाली ठेवली. घड्याळजींनी चष्मा कपाळावर सरकवला.

नर्सबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या.

मंडळाचा रिवाज सरळ होता. दर महिन्याला प्रत्येकाने आपल्या हाताने एक निळी छाप काढून आणायची. कागदाला औषध फासायचं, वर पान, पीस, काय हवं ते ठेवून काचेखाली दाबायचं आणि उन्हात मांडायचं. पाण्यात धुतलं की ऊन लागलं तिथे निळं, सावली पडली तिथे पांढरं. बैठकीत छाप कशी काढली ते सांगायचं, मग अदलाबदल. सांगण्यात थाप सापडली, तर पुढची बैठक थाप मारणाऱ्याच्या घरी. कुणाचीच सापडली नाही, तर सगळ्यांत नव्या सभासदाच्या घरी.

गेल्या खेपेस बाइंडर सापडला होता, म्हणून आज सगळे त्याच्या दुकानात खळीचा वास घेत बसले होते. आणि सगळ्यांत नव्या होत्या नर्सबाई.

त्यांचं घर एका खोलीचं. नवरा रात्रपाळी करून दिवसा झोपणारा. सासूबाईंनी तर पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हा निळा नाद उंबऱ्याच्या आत आला, की त्या दिवशी बंद." तेव्हापासून नर्सबाई दवाखान्याच्या गच्चीवर चोरून कागद वाळवायच्या. बैठक घरी आली, की नाद संपला.

बाकीच्यांचं सांगून झालं होतं, कुठे खोट निघाली नव्हती. राहिले होते फक्त फोटोकाका.

"चांदण्यात?" घड्याळजी म्हणाले. "असेल बुवा. परवा पडलं होतं झकास."

"अगदी पिठूर," बाइंडरने री ओढली.

नर्सबाई दोघांकडे बघतच राहिल्या. चांदण्याने त्या कागदाला गुदगुल्यासुद्धा होत नाहीत, हे दोघांना पक्कं ठाऊक होतं. पण काकांचे गुडघे गेलेले, घर तिसऱ्या मजल्यावर, काकू गेल्यापासून एकटेच. म्हाताऱ्याला पकडायचं नाही, असं दोघांनी परस्पर ठरवलेलं दिसत होतं. काका स्वतःही दर बैठकीला ठणकावून सांगायचे, "माझ्या घरी? नाव काढू नका! जिना चढताना तुमच्यातला एखादा आटपला, तर खापर माझ्या डोक्यावर."

बाइंडरने नर्सबाईंकडे बघून हळूच मान हलवली. जाऊ द्या.

सुटलेला माणूस गप्प बसतो. काका बसेनात.

"आणि चंद्रही अर्धाच होता," ते म्हणाले.

"अर्धा तर अर्धा," घड्याळजी म्हणाले.

"मध्येच ढगात गेला. मग मी हाक मारली."

"आला?"

"आला. खोकत आला."

बाइंडर हसू दाबायला सुईत दोरा ओवू लागला. काकांनी कागद उलटला. गडद निळ्यावर एक पांढरं पीस, त्याचा केस न् केस वेगळा दिसणारा. भर दुपारच्या उन्हाशिवाय असं पीस उमटत नाही. नर्सबाईंना नवल वाटलं. एवढी छाप काढणाऱ्याने थाप मारावीच कशाला? नुसतं 'ऊन दाखवलं' म्हणाले असते तरी सगळ्यांनी हात जोडले असते.

"काका, रंग एवढा गडद कसा आला?" त्यांनी विचारलं. निदान एक खरी गोष्ट तरी सांगतील, एवढीच आशा.

काका थेट त्यांच्याकडे वळले. "धुतली कशात, ते विचारा."

"कशात?"

"धुण्याच्या सोड्यात. चांगला मूठभर घातला आणि भिजत टाकली."

घड्याळजी छताकडे बघू लागले.

नर्सबाईंना आपली पहिली छाप आठवली. सोड्याने घासलेली बशी नीट विसळायची राहिली होती, आणि डोळ्यांदेखत निळ्याचं पिवळं झालं होतं. "अहो, सोडा म्हणजे निळ्या रंगाचा काळ!" म्हणून कपाळ बडवून घेतलं होतं ते याच काकांनी. म्हातारपणी विसरले की काय? शिकवलं ज्यांनी, त्यांनाच चारचौघांत खोटं पाडायचं? पण गप्प बसावं, तर सासूबाई.

"काका," त्या खाली मान घालून म्हणाल्या, "ही थाप आहे. सोड्यात घातली असती, तर पिवळी पडली असती. तुम्हीच शिकवलंत."

बाइंडरने सुई परत खाली ठेवली.

"घ्या! चेलीनेच गळा धरला!" काकांनी कपाळावर हात मारला. "आता माझ्या घरी बैठक. हे भोगच म्हणायचे!"

नर्सबाईंचे डोळे भरून आले. "काका, चहा मी करीन. बश्याही मी धुवीन. तुम्ही नुसते बसून राहा."

"आता गोड बोलून काय उपयोग? ध्यानीमनी नसताना गळ्यात पडलं की नाही? आणि तुमच्यापैकी एकाने तरी माझं घर पाहिलंय का? रस्त्यात भटकत बसाल, तेही मीच निस्तरायचं."

पुटपुटत काकांनी पिशवीत हात घातला आणि प्रत्येकापुढे एकेक कागद टाकला.

नर्सबाईंनी आपला उचलला. निळ्यावर पांढऱ्या रेघांनी काढलेली गल्ली, कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान, जिना, दर मजल्यावर एक खुर्ची आणि तिच्याशेजारी लिहिलेलं 'इथे दम खा'. खाली ठळक अक्षरांत, 'बैठक माझ्याकडे. नक्की या.' त्यांनी अंगठा फिरवून पाहिला. कागद खडखडीत वाळलेला, वजनाखाली दाबून सपाट केलेला.

त्यांनी मान वर केली.

"काका, थाप तर मी आत्ता पकडली. मग हे छापलंत कधी?"