आई नाही आहे

पाहुण्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली, तेव्हा गोपिकाची आई कामिनी समोरच्या घराच्या पायरीवर जाऊन बसली होती. फुटबॉल क्लबच्या अदितीनं तिला तिथंच बसायला सांगितलं होतं. घरात तिची एखादी साडीसुद्धा दिसू नये म्हणून अदिती सकाळीच येऊन सगळं आवरून गेली होती. गोपिकाचे बाबा टेम्पो घेऊन इतवारीच्या बाजारात निघून गेले होते. जिवंत बायकोला मेलेली म्हणायचं असेल तर मी घरात थांबत नाही, एवढंच ते जाताना बोलले होते.

सुरुवात अगदी साधी झाली होती. गोपिका नागपूरच्या एका फुटबॉल क्लबची गोलकीपर. युरोपातल्या एका मोठ्या क्लबनं या क्लबशी करार केला आणि त्यांची माणसं तिच्यावर फिल्म करायला घरी आली. कॅमेऱ्यासमोर त्यांनी आईबद्दल विचारलं. कामिनी त्या वेळी कळमन्याच्या बाजारात मिरच्या निवडायला गेली होती.

"आई नाही आहे," गोपिका म्हणाली.

फिल्म तिकडे दाखवली गेली, तेव्हा खाली इंग्रजीत ओळ उमटली: या मुलीला आई नाही.

अदिती क्लबच्या परदेशी भागीदारांचं काम बघायची. चूक तिच्या लक्षात आली तोवर फिल्म देशोदेशी पोचली होती. गोपिकाच्या नावाचे मफलर तिकडच्या स्टेडियमबाहेर विकले जात होते आणि त्या पैशातून इथं मुलींचं वसतिगृह चाललं होतं. आता खरं सांगितलं तर लोक आपल्याला फसवे म्हणतील, करार तुटेल आणि गडचिरोली-भंडाऱ्याहून आलेल्या पोरींना घरी पाठवावं लागेल, असं क्लबच्या वरिष्ठांचं म्हणणं पडलं. अदितीनं ते मायलेकींना समजावून सांगितलं. "चालते," कामिनी म्हणाली. त्यानंतर ती लेकीची एकही मॅच बघायला मैदानावर आली नाही.

एकदा मदर्स डेच्या मॅचआधी तिकडचं अख्खं स्टेडियम गोपिकाच्या आईसाठी मिनिटभर शांत उभं राहिलं. कामिनीनं ते मोबाइलवर पाहिलं.

"एवढे लोक माह्यासाठी उभे राहिले?" तिनं विचारलं, आणि मोबाइल परत देऊन भाकरी थापायला बसली.

त्या दिवसापासून गोपिकाला गोलपोस्टमध्ये उभं राहिलं तरी गुदमरल्यासारखं व्हायचं. लोक जेवढं जास्त प्रेम करत, तेवढी तिला या खोट्यातून बाहेर पडायला जागा कमी उरे.

आज त्या क्लबच्या संचालक इंग्रिड स्वतः घरी आल्या होत्या. मांडून ठेवलेली खुर्ची सोडून त्या गोपिकाजवळ सतरंजीवर बसल्या. वसतिगृहाचा करार आम्ही आणखी दहा वर्षं वाढवतोय, त्या म्हणाल्या, आणि वसतिगृहाला तुझ्या आईचं नाव देतोय. अदितीनं ते मराठीत सांगितलं. मग इंग्रिडनी आईचं नाव विचारलं.

गोपिकानं बाहेर पाहिलं. उघड्या दारातून कामिनी दिसत होती. ती मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

"नाव सांग, गोपिका," अदिती हळूच म्हणाली.

गोपिका उठली. गल्ली ओलांडून गेली आणि कामिनीला हाताला धरून ओढतच घरात घेऊन आली.

"ही माही आई आहे," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिची छाती हलकी झाली.

अदितीनं भाषांतर केलं नाही. पण ती फिल्म पुन्हा पुन्हा पाहिल्यामुळे इंग्रिडना 'आई' हा एक शब्द कळत होता. त्यांनी कामिनीकडे पाहिलं, गोपिकाकडे पाहिलं, आणि मग त्या अदितीकडे बघत राहिल्या. दाराशी वसतिगृहातल्या पोरी स्वागताची फुलं घेऊन उभ्या होत्या. कामिनीची नजर त्या पोरींवरून फिरली.

तिनं गोपिकाच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"मी शेजारची आहो, मॅडम," ती अदितीला म्हणाली. "हिची आई गेली तेव्हापासून पोरगी मलेच आई म्हणते. सांगा त्यांले."

अदितीनं क्षणभर गोपिकाकडे पाहिलं. मग मान खाली घालून तिनं शब्दन् शब्द सांगितला. इंग्रिडचे डोळे भरून आले. त्यांनी पुढे होऊन कामिनीला मिठी मारली. पोरी टाळ्या वाजवू लागल्या. गोपिका होती तिथंच उभी होती.

इंग्रिडच्या खांद्यावरून कामिनी अदितीला म्हणाली, "अन् नाव लिहून घ्या. कामिनी होतं तिचं नाव."